दहा सेंटांची रद्दी

(द्वितीय वर्ष, कला)

जुने छायाचित्र हाती आले की आपण प्रथम चेहरे पाहतो, मग कपडे पाहतो, मग मागचे घर. त्या माणसांच्या हातात काय आहे, फळीवर काय रचले आहे, भिंतीला काय चिकटवले आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु छायाचित्रातला माणूस बाजूला सारून त्याच्या पाठीमागचा मासिकांचा ठेला तेवढा भिंग लावून पाहणारेही काही लोक जगात आहेत. हे लोक म्हणजे अमेरिकेतील जुन्या कॉमिक्सचे संग्राहक. १९३५ ते १९५५ या काळातली रस्त्यांची, दुकानांची, घरांची छायाचित्रे ते शोधून काढतात आणि तारेच्या मांडणीवर कोणकोणते अंक अडकवलेले दिसतात याची यादी करतात.

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. मला तसे वाटत नाही. ही छायाचित्रे आता जगातल्या मोठ्या ग्रंथालयांनी सर्वांसाठी खुली केली आहेत आणि मोबाइलवरही पाहता येतात. मी ती बरीच पाहिली, आणि पाहता पाहता माझे एक मत बनले. ते असे की, एखाद्या समाजात सामान्य माणूस खरोखर काय वाचत होता हे त्या समाजातील विद्वानांच्या ग्रंथांवरून कळत नाही. ते रद्दीवरून कळते. आणि म्हणून रद्दी कोणीतरी जपली पाहिजे. मात्र ती कशासाठी जपायची, याबाबत माझा त्या संग्राहकांशी थोडा वाद आहे. तो पुढे येईलच.

प्रथम त्यांच्या पद्धतीविषयी, कारण ती ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत मासिकावर जो महिना छापलेला असे, तो प्रत्यक्ष विक्रीच्या महिन्याच्या पुढचा असे. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापलेले आहे, पण तो अंक ठेल्यावर आला एप्रिलमध्येच. अंक जास्त दिवस ताजा दिसावा आणि महिना उलटला की विक्रेत्याने तो काढून घ्यावा, असा हा हिशेब होता. त्यामुळे छायाचित्रातल्या ठेल्यावरचे एखादे मुखपृष्ठ ओळखता आले की ते छायाचित्र कोणत्या महिन्यात काढले असावे हे सांगता येते. म्हणजे ज्या छायाचित्रामागे कोणीही तारीख लिहिलेली नाही, त्याची तारीख दहा सेंटांचे एक पोरकट पुस्तक सांगते! इतिहासाच्या तासाला आम्हांला शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ही साधने शिकवतात. त्या यादीत कॉमिक कोणी घालणार नाही. पण काम तेच आहे.

आता हे पुस्तक होते तरी काय? वर्तमानपत्रांत येणाऱ्या चित्रमालिका एकत्र करून विकण्याची कल्पना अमेरिकेत रुजली, आणि १९३४ साली 'फेमस फनीज' हे मासिक दहा सेंटांना ठेल्यावर आले. ही दहा सेंटांची किंमत पुढे पाव शतकाहून अधिक काळ, १९६१ च्या अखेरीपर्यंत बहुतेक कॉमिक्सना चिकटून राहिली. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'मध्ये सुपरमॅन आला. तो निर्माण केला क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. सुपरमॅनचे सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरांना लिहून दिले. ज्या धनादेशावर या १३० डॉलरांची नोंद आहे, तो कागद २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरांना गेला. ज्यांनी घाम गाळला त्यांच्या पदरात १३०, आणि त्या घामाच्या पावतीला लाख! बाजाराच्या न्यायाचा हा एक नमुना वाचकांनी ध्यानात ठेवावा.

या छायाचित्रांतला फार मोठा भाग कॉमिक्ससाठी काढलेलाच नाही. १९३५ पासून अमेरिकेच्या सरकारने ग्रामीण जनतेच्या हलाखीची नोंद करण्यासाठी छायाचित्रकारांना देशभर पाठवले. रॉय स्ट्रायकर हे त्या विभागाचे प्रमुख होते. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, गॉर्डन पार्क्स अशी मोठी माणसे या कामात होती. १९४४ पर्यंत चाललेल्या या कामातून सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह जमा झाल्या आणि त्या आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. छायाचित्रकार गेले होते दारिद्र्य टिपायला. पण दारिद्र्य टिपताना त्या चौकटीत कागदही आला. गरिबांच्या लाकडी घरांत फटींतून वारा येऊ नये म्हणून भिंतींना वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पाने डकवलेली दिसतात. गावच्या दुकानात मासिकांच्या रांगा दिसतात. आणि मधूनच, कुठे ठेल्यापाशी, कुठे घराच्या पायरीवर, मांडीवर चित्रांचे पुस्तक घेतलेले एखादे पोर दिसते. छायाचित्रकार त्याच्यासाठी थांबला नव्हता, हेच त्या नोंदीचे मोल आहे. जे मुद्दाम दाखवले जाते त्यावर विश्वास ठेवताना विचार करावा लागतो; जे नकळत चौकटीत शिरते त्याला खोटे बोलण्याचे कारण नसते.

काही छायाचित्रे मात्र मुद्दाम वाचणाऱ्या मुलांचीच आहेत. रूथ ऑर्किन या छायाचित्रकार बाईंनी १९४७ साली न्यूयॉर्कच्या वेस्ट व्हिलेज भागात कॉमिक वाचणारी मुले टिपली. असली छायाचित्रे एकामागून एक पाहिली की काही गोष्टी आपोआप कळू लागतात. पहिली गोष्ट ही की, कॉमिक एकट्याने क्वचितच वाचले जात असे. एका अंकावर दोन-तीन डोकी वाकलेली असतात; ज्याचा अंक तो पान उलटतो आणि बाकीचे त्याच्या वेगाने वाचतात. म्हणजे विकलेल्या प्रतींच्या आकड्यावरून वाचकांचा आकडा निघणार नाही. दुसरी गोष्ट ही की, तेथे कोणी मोठे माणूस जवळ नसते. हे वाचन कोणी नेमून दिलेले नाही, त्यावर परीक्षा नाही, बक्षीस नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या अंकांची अवस्था. कोपरे दुमडलेले, पाठ उसवलेली, मुखपृष्ठ अर्धे गेलेले. वापरून वापरून त्या कागदाचे फडके झालेले असते. ज्याला आज 'दुर्मिळ' म्हणून काचेत ठेवतात, ते त्या काळी खिशात कोंबायचे होते.

इतक्या मोठ्या संख्येने छापलेले हे अंक गेले कुठे? याचेही उत्तर छायाचित्रांत आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा कागदाची टंचाई आली आणि अमेरिकेत घरोघरची रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. शाळेची मुले आणि बॉय स्काउट हातगाड्यांवर कागदाचे गठ्ठे लादून नेत आहेत, अशी कितीतरी छायाचित्रे आहेत. त्या गठ्ठ्यांत त्यांची स्वतःची कॉमिक्सही गेली. आणि गंमत म्हणजे रद्दी देण्याचे आवाहन कॉमिक्सच्या पानांतूनही छापले जात होते. त्याच वेळी युद्धावर गेलेले सैनिक बराकींत आणि बोटींवर कॉमिक्स वाचत होते. 'कॅप्टन मार्व्हल'चा खप त्या सुमारास दहा लाखांच्या पुढे गेला होता. म्हणजे ते केवळ पोरांचे खूळ नव्हते. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक सुमारे दोन लाख प्रतींत छापला गेला होता. जाणकारांच्या अंदाजाने आज त्यांतल्या शंभराच्या आसपास प्रती उरल्या आहेत. बाकीच्या लगद्यात गेल्या, चुलीत गेल्या किंवा वाचून वाचून संपल्या. यांपैकी तिसरा शेवट मला सर्वांत चांगला वाटतो.

पण काही प्रती आणखी एका मार्गाने गेल्या, आणि ती छायाचित्रे पाहवत नाहीत. ऑक्टोबर १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्पेन्सर या गावी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांकडून कॉमिक्स गोळा करवून त्यांची होळी करण्यात आली. ज्वाळांभोवती उभी असलेली मुले शाळेच्या कपड्यांतली आहेत. जर्मनीत नाझींनी ग्रंथांची होळी केली ती मे १९३३ मध्ये. त्या नाझींना हरवून तीन वर्षे होतात न होतात तोच हे घडले. करणारे दुष्ट नव्हते. शिक्षक होते, पालक होते, धर्मगुरू होते. त्यांना वाटत होते की गुन्हेगारीच्या चित्रकथा वाचून मुले गुन्हेगार होतील.

या मताला शास्त्राचा आधार दिला डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी. 'सिडक्शन ऑफ दि इनोसन्ट' हे त्यांचे पुस्तक १९५४ साली आले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' नावाची आचारसंहिता लादून घेतली. कित्येक मासिके बंद पडली. डॉ. वर्थम यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्यायाचे होणार नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, त्यांनी १९४६ साली गरिबांसाठी मानसोपचाराचे केंद्र काढले होते. शाळांतल्या वर्णभेदाने मुलांवर काय परिणाम होतो याचा त्यांनी केलेला अभ्यास न्यायालयात पुरावा म्हणून मांडला गेला होता. असा माणूस गरीब मुलांचा शत्रू कसा असेल? पण त्यांची कागदपत्रे २०१० साली अभ्यासकांना खुली झाली. कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने ती तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले की डॉ. वर्थम यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते. कुठे दोन मुलांचे म्हणणे एकाच्या तोंडी घातले, तर कुठे सोयीचा नसलेला मजकूर गाळला.

मला यातून जो बोध होतो तो असा. ज्यांनी मुलांचे भले चिंतले त्यांनीही मुलांचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवले नाही. मुलांविषयी सर्व जण बोलले. मूल काय वाचते आणि का वाचते हे त्याच्या शब्दांत कोणी शिल्लक ठेवले नाही. त्या कामी आज उपयोगी पडतात ती ही छायाचित्रे आणि मुलांनी हाताळलेले ते अंक.

आता संग्राहकांकडे वळू. सगळेच लोक रद्दी फेकीत नव्हते. कॅन्सस राज्यातल्या कॉन्कॉर्डिया या लहान गावी हॉलिंगर नावाचे एक गृहस्थ होते. लोक त्यांना 'पॉप' म्हणत. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ते जुनी कॉमिक्स विकत घेत, त्यांच्या पाठीला कागदी पट्टी चिकटवून, दाबून, मजबूत करून पुन्हा विकत. त्यांचा उद्देश अंक पुष्कळ हातांतून फिरावा आणि तरी टिकावा, हा होता. आजचा संग्राहक अशी पट्टी पाहून कपाळाला हात लावतो, कारण पट्टीमुळे 'मूळ स्थिती' बिघडते. मला मात्र पॉप हॉलिंगर यांचे काम आपल्या गावच्या वाचनालयात खळ लावून पुस्तके बांधणाऱ्या शिपायासारखे वाटते. वाचकाची सोय पाहणारा माणूस तो हाच.

पुढे १९६१ साली डेट्रॉइटच्या जेरी बेल्स या प्राध्यापकांनी 'ऑल्टर ईगो' नावाचे हस्तमुद्रित नियतकालिक काढले. देशभर विखुरलेले कॉमिकवेडे त्यातून एकमेकांना पत्रे लिहू लागले. १९६४ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला त्यांचा पहिला मेळावा भरला. जमलेले बहुतेक जण शाळा-कॉलेजातली मुलेच होती. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किमतींची मार्गदर्शिका निघाली आणि छंदाला भाव मिळाला. 'भाव' या शब्दाचे मराठीतले दोन्ही अर्थ येथे घ्यावेत. पण पुढे एक वाढला आणि दुसरा घटला असे मला वाटते.

१९७७ च्या जानेवारीत डेन्व्हर शहरात एक प्रकार घडला. एडगर चर्च हे तेथले जाहिरातींची चित्रे काढणारे चित्रकार. ते वृद्ध झाल्यावर त्यांच्या घरातली वर्षानुवर्षे साठवलेली कॉमिक्स चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने विकत घेतली. सुमारे वीस हजार अंक, आणि बहुतेक अगदी कालच छापल्यासारखे. याचे कारण चमत्कार नव्हे. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. दमट हवा आणि ऊन या क्रियेला हातभार लावतात. डेन्व्हरची हवा उंचीवरची आणि कोरडी. अंक अंधारात, एकावर एक घट्ट रचलेले. म्हणून ते राहिले. शिवाय चर्च हे स्वतः चित्रकार असल्याने त्यांनी हा साठा विक्रीसाठी केलेला नव्हता, हेही महत्त्वाचे.

यानंतरचा इतिहास आकड्यांचा आहे. २००० सालापासून एक कंपनी कॉमिक्सना दहापैकी गुण देऊन ती प्लास्टिकच्या जाड पेटीत कायमची बंद करू लागली. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची साडेआठ गुणांची प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरांना विकली गेली. तिची किंमत मूळ दहा सेंट. पण पेटी उघडली तर गुण रद्द. म्हणजे ते पुस्तक आता वाचता येत नाही! आणि मुखपृष्ठावर एखाद्या मुलाने पेन्सिलीने आपले नाव लिहिलेले असेल, तर त्यामुळे गुण कमी होऊ शकतात.

माझा वाद आहे तो येथे. ज्या मुलाने नाव लिहिले, त्याने हे पुस्तक माझे आहे असे जगाला सांगितले. कदाचित त्याच्या घरात त्याच्या मालकीची ती एकच छापील वस्तू असेल. बाजार म्हणतो, हे नाव म्हणजे डाग. मी म्हणतो, ते नाव हाच त्या अंकाचा खरा दस्तऐवज. कोऱ्या प्रतीवरून अंक कसा छापला हे कळते. नाव लिहिलेल्या प्रतीवरून तो कोणी वाचला हे कळते. छायाचित्रातले मूल आणि अंकावरचे नाव या दोन गोष्टी एकाच माणसाच्या खुणा आहेत, आणि संग्राहकाने पहिली खूण भिंगाने शोधायची व दुसरीला दोष म्हणायचे, हे विसंगत आहे.

यावर एक उत्तर मिळेल, आणि ते खोटे नाही. किंमत आली म्हणून लोकांनी माळे धुंडाळले, नाहीतर उरलेसुरलेही गेले असते. हे मान्य केलेच पाहिजे. प्रेमाने जेवढे वाचते त्याहून अधिक कधी कधी लोभाने वाचते. पण लोभ निवड करतो. सुपरमॅनचा पहिला अंक तो वाचवील. न गाजलेल्या, कोणा सामान्य चित्रकाराने काढलेल्या शंभर अंकांना तो हात लावणार नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आणि ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी १९७० नंतरच्या दशकात जे केले ते म्हणून मोठे वाटते. त्यांनी कॉमिक्स व व्यंगचित्रे अभ्यासासाठी जमवली, आणि ती वाचकाला टेबलावर काढून मिळतात. जे काम बाजाराला जमत नाही ते ग्रंथालयाने करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाचक म्हणतील, हे सारे अमेरिकेचे. आपल्याला त्याचे काय? आपल्याकडे १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले ते अमेरिकेच्या ली फॉकने निर्माण केलेल्या फॅंटमला घेऊनच. मराठीत तो वेताळ झाला. १९६७ साली अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' आली. १९७६ साली 'इंद्रजाल'मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, म्हणजे आपल्या मातीतला नायक. १९९० साली 'इंद्रजाल' बंद पडले. माझ्या वडिलांच्या पिढीने हे अंक एस. टी. स्टँडवर पाहिले, बाजारच्या दिवशी रद्दीच्या ढिगातून उचलले, वाचनालयवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने आणले. एक अंक आळीभर फिरे. न्यूयॉर्कच्या त्या पायरीवरचे दृश्य आपल्याकडेही घडत होते. फक्त त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही.

आपल्याकडच्या जुन्या फोटोंत पुस्तक दिसते ते बहुधा स्टुडिओतले. तिपाईवर फुलदाणी, शेजारी जाड पुस्तक, त्यावर हात ठेवून उभा असलेला माणूस. ते पुस्तक स्टुडिओवाल्याचे असे. त्या फोटोवरून तो माणूस काय वाचत होता हे कळत नाही, फार तर आपण वाचतो असे दिसावे ही त्याची इच्छा कळते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, अशा माझ्यासारख्यांच्या घरी ग्रंथांचे कपाट नव्हते. तेथे अक्षर आले ते भज्यांच्या पुडीवरून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून आणि रद्दीतल्या वेताळावरून. आमच्या वाचनाचा इतिहास कोणाला लिहायचा झाला तर त्याला साधने कोठून मिळणार? १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबई, कोलकाता, चेन्नई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांत जमा करायची असते. पण कायद्याने जमा झालेली प्रत कोरी असते. तिच्यावर कोणाचे नाव नसते, तेलाचा डाग नसतो.

वेताळात दोष नव्हते असे नाही. जंगलातल्या लोकांचे रक्षण करायला पिढ्यान्‌पिढ्या एक गोराच लागतो, ही त्या कथेची मूळ कल्पनाच अपमानास्पद आहे. फॉकच्या मूळ कथेतला 'बंगाला' हा प्रदेश आपल्याकडे 'डेंकाली' करून छापावा लागला, तो बंगालशी घोटाळा होऊ नये म्हणून. परंतु दोष आहेत म्हणूनही ते अंक जपले पाहिजेत. आपल्याला लहानपणी काय पाजले गेले हे तपासायचे तर ती बाटली शिल्लक हवी.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. लोकांनी माळ्यावर टाकून दिलेली दप्तरे त्यांनी मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड उभे राहिले. घरच्यांच्या लेखी तो वाळवीने खाल्लेला कागद होता. १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना आज आपण 'दोलामुद्रिते' म्हणतो. म्हणजे पाळण्यातली पुस्तके. किती प्रेमाचा शब्द आहे हा! पण ज्या पुस्तकांनी आपली वाचनाची दोरी प्रथम हलवली, त्या पाळण्यातल्या पुस्तकांना मात्र आपण किलोच्या भावाने देतो.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट मोकळे करावे आणि त्यात जिल्ह्यातून मिळतील ती जुनी चित्रकथा, बालमासिके, दिवाळी अंक व चोपडी ठेवावी. फाटकी चालतील, नाव लिहिलेली असतील तर अधिक बरी. त्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातला असा एकेक फोटो शोधावा की ज्यात कोणाच्या हातात, फळीवर किंवा भिंतीवर काही छापील दिसते. त्याची नक्कल काढून एका वहीत गाव, साल, फोटोतले माणूस आणि ते छापील काय आहे, एवढे चार रकाने भरावेत. इतिहास आणि मराठी या दोन्ही विभागांना हे काम झेपण्यासारखे आहे. खर्च जवळजवळ नाही. स्नेहसंमेलनात ज्या भिंतीवर आपण रांगोळ्यांचे फोटो लावतो तेथे पुढच्या वर्षी ही चित्रे लागू शकतील.

घाई मात्र केली पाहिजे. आपली हवा डेन्व्हरसारखी कोरडी नाही. प्रत्येक पावसाळ्यात एक गठ्ठा ओला होतो आणि प्रत्येक दिवाळीच्या साफसफाईत एक गठ्ठा काट्यावर चढतो. हा प्रस्ताव मी ग्रंथपालांकडे लेखी देणार आहे. ज्यांच्या घरी असा फोटो असेल त्यांनी तो आताच बाजूला काढून ठेवावा. मूळ फोटो घरीच राहू द्यावा, नक्कल तेवढी आणावी. आणि फोटोत कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून मागे लिहून ठेवावे.